रिकामी बंडी

केशोरीच्या सरकारी दवाखान्यात माझे यजमान डॉक्टर होते. स्वातंत्र्य मिळून चार-पाच वर्षं झाली असतील. आसपासच्या जंगलातल्या गावांना तेवढा एकच डॉक्टर. धानाची रोवणी आटोपली की हिवताप घरोघर मुक्काम ठोकायचा आणि आमच्या दारात बैलबंड्या येऊन उभ्या राहायच्या. आजाऱ्याला आणण्यापेक्षा डॉक्टरलाच बंडीत बसवून न्यायची तिकडची रीत. शिवाय बोलवायला आलेली बंडी रिकामी परत नेणं अपशकुनाचं. मग ‘नाही’ म्हणायची सोयच कुठे?

पहिल्या वर्षी हे हौसेनं जायचे. परतल्यावर जेवताना एकेका आजाऱ्याची नक्कल करून मला हसवायचे. तिसऱ्या पावसाळ्यात त्या गोष्टी आटल्या. ताटावर बसून भाताकडे नुसते बघत राहायचे. मी चिडून म्हणायची, “भात आहे तो. नाडी काय बघताय त्याची?” पूर्वी हसले असते. आता नुसतं ‘हं’. माझा जीव तुटायचा. हा माणूस माझ्या डोळ्यांदेखत विझत चालला होता आणि मला काही करता येत नव्हतं.

एका दुपारी हे धानाच्या बांध्यांतला चिखल तुडवत परतले, तोच पाठोपाठ बंडी आली. उतारवयाचा एक शेतकरी होता, बायको तापानं फणफणलेली. हे पायरीवर बसले होते, बूट काढायचंही त्राण नव्हतं. म्हणाले, “गोळ्या घेऊन जा. मी येत नाही. माझ्यानं होत नाही आता.”

असं ते पहिल्यांदाच म्हणाले.

शेतकऱ्यानं वाद घातला नाही. गोळ्या धोतराच्या सोग्यात बांधल्या आणि मला हळूच म्हणाला, “बाई, रिकामी बंडी कशी नेऊ जी? सायबाचं काहीतरी द्या.”

मी ह्यांची काळी छत्री दिली. ती बंडीत बसायला अंथरलेल्या तणसावर, धानाच्या पेंढ्यावर, आडवी ठेवून त्यानं बैल वळवले.

पुढच्या बाजाराच्या दिवशी तो छत्री परत घेऊन आला. ह्यांनी विचारलं, “बायको कशी आहे?”

“गेली जी. छत्री तिच्या उशाशी ठेवली होती. तिले वाटलं, सायब आले. म्हणे, आता कायले भेऊ?”

त्याच्या बोलण्यात राग नव्हता. रागावला असता तर बरं झालं असतं, असं मला अजून वाटतं.

त्यानंतर आमच्या दारातून एकही बंडी रिकामी गेली नाही. हे स्वतः तापात असले तरी जायचे. परत येणारा माणूस मात्र माझ्या ओळखीचा उरला नव्हता. शेवटी नोकरी सोडून आम्ही गोंदियाला आलो. डॉक्टरकी ह्यांनी पुन्हा केली नाही.

घरासमोरून राईस मिलकडे धानाच्या बंड्या जात. एखादी जरा थांबली की हे खुर्चीतून उठायचे, छत्री घ्यायचे आणि दारात जाऊन उभे राहायचे. मी दंडाला धरून म्हणायची, “चला आत. ती भरलेली आहे.”