अठरा कार्डं आणि एकोणिसावी ओळ

आधीच सांगून टाकतो. भूत, मुंजा, चकवा, अंगात येणं... यातलं काहीही मी मानत नाही. इथे लोक लिहितात ते अनुभव मी वाचतो, पण बहुतेक वेळा त्यातल्या चुका काढायला. आयुष्य कॉम्प्युटरच्या धंद्यात गेलं. मशीनला जेवढं सांगाल तेवढंच ते करतं, स्वतःच्या मनाने एक ठिपकासुद्धा टाकत नाही — हे वाक्य मी शेकडो पोरांना शिकवलं आणि दर वेळी शिकवताना माझीच जीभ अडखळली. का अडखळली, ते आज लिहितोय. वाचून कुणाची घाबरगुंडी उडेल असं यात काही नाही. किळस येईल कदाचित, आणि ती माझी येईल.

साल बहात्तर. गाव नगर. आता अहिल्यानगर म्हणायचं, पण माझ्या तोंडात नगरच बसलंय. आमच्या कॉलेजात त्या जूनमध्ये एक नवीनच प्रकार सुरू झाला होता — कॉम्प्युटरच्या पदवीचं पहिलं वर्ष. मशीन अर्थातच नव्हतं. मशीन पुण्याला. नगरला फक्त फळा, खडू आणि सर. पहिल्या टर्मनंतर आमच्या अकरा जणांतून एकाला पुढे शिकायला पुण्याला पाठवणार होते, हॉस्टेलसकट. उरलेल्यांनी आपापलं साध्या बी.एस्सी.ला जाऊन बसायचं. प्रयोगच होता सगळा, आणि प्रयोगातले उंदीर आम्ही.

काम कसं चालायचं ते सांगतो, नाहीतर पुढचं कळणार नाही. आम्ही प्रोग्राम कागदावर लिहायचो. त्याला कोडिंग शीट म्हणत. चौकटी आखलेला लांबडा कागद, एका चौकटीत एकच अक्षर. पहिल्या ओळीत स्वतःचं नाव. शनिवारी सर सगळ्यांच्या शीट्सचं बाड बांधून माळीवाडा स्टँडवर पुण्याच्या एसटीत पार्सल टाकायचे. तिकडे प्रत्येक ओळीचं एक पंच कार्ड व्हायचं, म्हणजे भोकं पाडलेलं जाड कार्ड. अठरा ओळी, अठरा कार्डं. ती मशीनमध्ये जायची आणि पुढच्या शनिवारी कार्डांचा गठ्ठा आणि छापील कागद, दोन्ही एसटीने परत. कागदावर आधी तुमचा प्रोग्राम ओळीने छापलेला, खाली उत्तर. नाहीतर खाली चूक. एक स्वल्पविराम विसरलात तर आठवडा फुकट.

भानुदास माझ्या शेजारी बसायचा. पाथर्डी तालुक्यातला. घरचे सगळे दर वर्षी ऊस तोडायला जाणारे, त्यामुळे याची शाळा अर्धी इथे, अर्धी कुठल्या तरी साखर कारखान्याजवळच्या कोपीत, म्हणजे पाचटाच्या झोपडीत झालेली. तरी डोकं असं, की सर फळ्यावर गणित लिहून वळेपर्यंत याचं झालेलं असायचं. मिरवायचा मात्र नाही. मला समजावताना म्हणायचा, "आरं दिलीप, मशीन म्हंजी लई आज्ञाधारक आन लई बिनडोक. त्येला सांगायचं राहिलं की ते राहिलंच." मला राग यायचा. त्याचा नाही, त्याला इतकं सोपं वाटतं याचा.

माझे वडील नागापूरला, तेव्हा नव्यानेच उभ्या राहत असलेल्या एमआयडीसीत टाइमकीपर होते. त्यांनी सांगून ठेवलं होतं — पुण्याला नंबर लागला तर ठीक, नाहीतर दिवाळीनंतर लेथवर उभं राहायचं, मी बोलून ठेवलंय. लेथवर उभं राहणं वाईट नसतं हे मला आज कळतं. तेव्हा मला ते फासावर जाण्यासारखं वाटत होतं.

सरांनी निवडीसाठी एकच प्रश्न दिला. पावसाच्या नोंदी वाचायच्या आणि प्रत्येक गावासाठी सांगायचं, की पावसाच्या एका दिवशी सरासरी किती पाऊस पडला. एकूण पाऊस भागिले पावसाचे दिवस. बस. आकडे सर स्वतः परस्पर पुण्याला देणार होते, आम्हाला दाखवणार नव्हते. ज्याचा प्रोग्राम न अडता शेवटपर्यंत चालेल तो पुण्याला जाणार.

त्या साली पावसाने काय केलं होतं ते जुन्या लोकांना सांगायला नको. विहिरी खडखडीत, ऊस नाही म्हणून तोडणी नाही, पाथर्डीकडचे सगळे दुष्काळी कामावर. भानुदासचे आई-वडील पाझर तलावाच्या कामावर खडी फोडत होते. शीट द्यायच्या आधी चार दिवस निरोप आला, की वडिलांच्या पायावर दगड पडला. मस्टरवरचं, म्हणजे कामाच्या हजेरीपटावरचं त्यांचं नाव जाऊ द्यायचं नसेल तर पोराने त्यांच्या जागी उभं राहायचं. भानुदासने एका बैठकीत प्रोग्राम पुरा केला, पिशवी भरली आणि शीट माझ्या हातात दिली.

"शनवारच्या गाडीनं जाऊ दे. नंबर लागला तर आई म्हनती, मी सांभाळीन हिकडचं, तू जा."

"लागेल रे तुझाच," मी म्हणालो. आणि ते मी मनापासून म्हणालो होतो, हे कृपा करून खरं माना.

माझा प्रोग्राम सातव्या ओळीच्या पुढे सरकत नव्हता. शुक्रवारी दुपारी मी नवीन शीट घेतली, पहिल्या ओळीत माझं नाव लिहिलं आणि खाली भानुदासच्या उरलेल्या सतरा ओळी जशाच्या तशा उतरवल्या. अक्षर न् अक्षर. त्याची शीट न्हाणीघरातल्या बंबात घातली. मनाची समजूत काढायला कारणं तयार होती — त्याचं नाव कॉलेजच्या हजेरीतून कमी होणारच, तो थोडाच परत येतोय, जागा फुकट जाण्यापेक्षा... माणसाला अशा वेळी कारणं फार छान सुचतात. प्रोग्राम सुचत नाही.

पुढच्या शनिवारी पार्सल आलं. सरांनी एकेक कागद उघडला. पहिला — अडला. दुसरा — अडला. ज्यांचे प्रोग्राम जरा तरी चालले, ते सगळे एकाच ठिकाणी अडले होते. सरांनी दिलेल्या आकड्यांत एका गावचा पावसाळ्यातला आख्खा महिना कोरडा होता. पावसाचे दिवस शून्य. शून्याने भागायला सांगितलं की मशीन बसकण मारतं. आम्ही सगळी शेती-मातीतली पोरं, पण पावसाळ्यात महिनाभर एक थेंबही पडणार नाही, हे आमच्यातल्या कुणाच्या मनातच आलं नव्हतं. बाहेर डोळ्यांदेखत तेच चाललेलं असताना!

माझा कागद शेवटचा. तो चालला होता. शेवटपर्यंत. कोरड्या गावापुढे सरासरी शून्य, आणि खाली पुढचं गाव.

सरांनी माझी पाठ थोपटली. मी घरी जाऊन कागद पसरला आणि बोट ठेवून ओळी वाचत गेलो. अकराव्या आणि बाराव्या ओळीच्या मध्ये एक ओळ होती, जी मी लिहिली नव्हती. आपल्या भाषेत सांगायचं तर — दिवस शून्य असतील, तर एक धर. एवढंच. मी कार्डं मोजली. अठरा. पुन्हा मोजली. दिव्यासमोर धरून भोकं वाचली. अठराच कार्डं, माझ्याच अठरा ओळी. कागदावर मात्र एकोणीस.

सोमवारी सरांकडे गेलो. "सर, यात एक ओळ जास्त आलीय."

"चालला ना प्रोग्राम?"

"हो, पण ती ओळ मी..."

"मग कशाला उकरून काढतोस? तिकडच्या कुणी तरी सुधारलं असेल." मग रजिस्टर मिटता मिटता म्हणाले, "तुझा तो पाथर्डीचा मित्र शीट न देताच पळाला. या मुलांना संधी द्यावी तर असं."

मी कागदाची घडी करून खिशात घातली. खरं बोलायला याहून सोपी वेळ आयुष्यात परत मिळाली नाही.

'तिकडच्या कुणी तरी' हे मलाही पटवून घ्यायचं होतं. पुढे पुण्याला गेल्यावर मशीनवरच्या ऑपरेटरला मी विचारलं. तो हसायलाच लागला. म्हणाला, इथे गठ्ठ्यांचे ढीग पडलेत, कोण तुमची गणितं सुधारत बसणार? मग तीच अठरा कार्डं, तेच आकडे, मी माझ्या हाताने मशीनमध्ये घातले. कोरड्या गावापाशी येऊन मशीन थांबलं. जिथे थांबायला हवं तिथेच. तीन वेळा घातली, तीनही वेळा थांबलं.

पण त्याच्याही आधी, दिवाळीच्या सुट्टीत, मी पाथर्डीची एसटी धरली होती. करंजीचा घाट चढताना ठरवत होतो, की सगळं कबूल करायचं. घाट उतरेपर्यंत ठरलं, की फक्त चौकशी करून यायचं.

तलावाच्या कामावर शेकडो माणसं बसली होती. भानुदास सापडायला वेळ लागला, कारण डोक्याला फडकं, अंगावर पांढरी धूळ, सगळे एकसारखेच दिसत होते. बोटांना चिंध्या गुंडाळलेल्या. त्याच्या आईने बसायला पोतं सरकवलं.

"कालेजातला का रं तू? बरं झालं आलास. ह्येचा कागद गेला का पुन्याला? रोज त्येच म्हनतोय, कागद पोचला आसंल, कागद पोचला आसंल."

"गेला," मी म्हणालो. ते खोटं नव्हतं. म्हणूनच जास्त वाईट होतं.

भानुदासने हात झटकले आणि मी पुढे केलेला कागद घेतला. वरचा भाग माझ्या मुठीत दुमडलेला होता, तो त्याला दिसला नाही. ओळींवरून बोट फिरवत तो खाली आला आणि अकराव्या ओळीनंतर थांबला. चेहरा एकदम उजळला.

"ही कुनी घातली?"

"मला वाटलं तूच सांगशील."

"आरं, ही राहिली हुती माझी! हितं खडी फोडता फोडता ध्यानात आलं. समोर आभाळ बघतुया, महिना झाला ठिपूस न्हाई, आन आपुन भागाकार करतुया दिवसांनी. म्हनलं, मेलो. मग तिथंच मनात बसवली. दिवस शून्य आसतील तर एक धर. पाऊस न्हाई पडला तरी एक दिस पडला आसं धरायचं, म्हंजी मशीन अडत न्हाई."

"कुणाला पत्र घातलंस? निरोप?"

"हितनं कुठलं पत्र? शाई तरी हाय का हितं?"

"कधी सुचलं हे?"

"तुझ्या शनवारच्या गाडीनंतरच्या मंगळवारी. त्या दिशी सुकडीचं खानं वाटायला लई उशीर झाला. पोटात कावळे, म्हनून मी मन गुतवत हुतो. त्यामुळं वार ध्यानात हाय."

कागदाच्या वरच्या कोपऱ्यात मशीनने तारीख छापलेली असते. मी ती घरीच कॅलेंडरशी ताडून पाहिली होती. तोच मंगळवार. माझी मूठ सैल पडली असावी. दुमडलेला भाग उलगडला आणि त्याने पहिली ओळ वाचली. माझं नाव.

त्याने ते दोनदा वाचलं. मी शिव्यांची वाट पाहत होतो, फटक्याचीसुद्धा. हातात हातोडी होती त्याच्या. आई पलीकडून विचारत होती, "काय म्हनतोय रं कागद? लागला का नंबर?"

"लागला," भानुदास तिला म्हणाला. "दिलीपचा लागला." मग कागदाची नीट घडी घालून त्याने ती माझ्या खिशात सरकवली आणि अगदी हळू, फक्त मला ऐकू येईल असं म्हणाला, "मंगळवारी नावाचं काय डोक्यात आलं न्हाई बघ. तेवढं दुरुस्त करायचं राहिलं माझ्याकडनं."

आणि पुढचा दगड ओढून घेतला.

मी पुण्याला गेलो. शिकलो, नोकऱ्या केल्या, दोन घरं बांधली. भानुदास नंतर सुरतेकडे गेला एवढंच ऐकलं, शोध मी घेतला नाही. धीर झाला नाही, हेच खरं. कागदावरची शाई आता उडत चाललीय, ती ओळ मात्र अजून वाचता येते. अनेक जाणत्या माणसांना दाखवली, नाव झाकून. अठरा कार्डांतून एकोणीस ओळी कशा आल्या, हे एकालाही सांगता आलं नाही, मलाही येत नाही. या गोष्टीत तेवढ्या एका ओळीचं स्पष्टीकरण नाही. बाकी सगळ्याचं आहे.