विजेचे माळे मोजणारा दत्ताराम

तीस वर्षं दत्ताराम मुंबईत एका इमारतीची लिफ्ट चालवत होता. बसायला स्टूल, डोक्यावर पंखा आणि समोर लोकांच्या पाठी. बाहेर पाऊस आहे हे त्याला लोकांच्या ओल्या छत्र्यांवरून कळायचं. निवृत्त होऊन सावर्ड्याजवळच्या वाडीत परतला आणि पहिल्याच मे महिन्यात घाटावरून उठलेला वळवाचा ढग बघून पडवीत आ वासून बसला.

"मिटा आता, माशी जाईल," बायको विमला म्हणाली.

तोंड मिटलं, डोळे मात्र वर गेले ते गेलेच.

मग तो 'ढगांची पाळत' या व्हॉट्सॲप गटात शिरला. वळीव कुठे उठला, कुठे गडगडला, किती पडला हे एकमेकांना कळवणारी ही खुळी मंडळी. प्रमुख पोफळीच्या संध्याबाई, शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या. वीज दिसल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत सेकंद मोजा, तीन सेकंदांना एक किलोमीटर, असा त्यांचा धडा. दत्तारामाला सेकंद जमेनात. पण त्याची म्हातारी लिफ्ट एक माळा चढायला नेमके तीन सेकंद घ्यायची, आणि ती चाल त्याच्या हाडात मुरलेली. वीज चमकली की तो डोळे मिटून मनातली लिफ्ट सोडायचा आणि लिहायचा, 'सातव्या माळ्यावर.' गट खो खो हसला. बाईंनी घड्याळाशी ताडून पाहिलं, तेव्हा हसणं थांबलं.

घात केला तो आंब्याच्या साटांनी. साटं वाळत घालायला जागा हवी म्हणून विमलाने घरापुढच्या खळ्यातलं पाऊस मोजायचं नळकांडं उचललं आणि भिंतीशी, थेट पागोळ्यांखाली ठेवलं. वळीव आला, अख्ख्या छपराचं पाणी त्यात ओतलं गेलं. दत्तारामाने अभिमानाने कळवलं, 'वीस मिनिटांत एकशे दहा मिलिमीटर!'

'भाऊ, होडी पाठवू काय?' आंजर्ल्याच्या बाबल्याने विचारलं.

संध्याबाईंनी मऊ शब्दांत लिहिलं, 'काका, तुमचे आकडे सध्या बाजूला ठेवते.' तो माणूस चार दिवस धड जेवला नाही.

"अवो, ढगाला काय कळतंय तुमचा आकडा?"

"ढगाला नाय गो, बाईंना कळायला हवा!"

पाचव्या दिवशी दुपारी चारला पूर्वेकडून ढग उभा राहिला. तळाला काजळी, माथ्यावर उन्हाने तापलेल्या तांब्याचा रंग. दत्तारामाने नळकांडं खळ्याच्या मधोमध रोवलं आणि पडवीत सज्ज झाला. वीज. सहावा माळा. वीज. तिसरा. मग पावसासोबत असा वारा सुटला की साटं, सुपं आणि नळकांडं एकाच वरातीत कुंपणापलीकडे गेली. विमला ओरडली, पण तिचा आवाज पोचलाच नाही, कारण समोरच्या उघड्या कातळाच्या सड्यावर पांढराशुभ्र खांब उभा राहिला आणि त्याच क्षणी आभाळ फुटलं. लिफ्ट सुटायला फुरसतच नव्हती. कातळावर नाचणारा प्रत्येक थेंब, आंब्याचं पानन् पान त्या उजेडात वेगळं दिसलं. दत्तारामाचे हात आपोआप जोडले गेले.

पाऊस ओसरला तेव्हा फोन खणखणत होता. सावर्डे बाजारातून अठरा मिलिमीटर आला होता. दत्तारामाच्या मनात आलं, आपणही सतरा-अठरा टाकावं, कोण बघतंय? बोट आकड्यापाशी घुटमळलं. मग त्याने लिहिलं, 'नळकांडं उडालं. आकडा नाही. वीज समोरच्या सड्यावर पडली, आवाज बरोबरच. पुढे काही मोजलं नाही. बघत राहिलो.'

मग बाईंचं उत्तर आलं, 'नोंद घेतली, काका. उद्यापासून तुमचे आकडे परत धरते.'

दत्तारामाने ते वाचलं की नाही, विमलाला कळेना. फोन मांडीवर ठेवून तो पश्चिमेकडे बघत होता. ढग समुद्राच्या दिशेने निघाला होता आणि त्याच्या पोटात अजून विजा फिरत होत्या, आवाज न करता.