अण्णांनी निवडलेली गोळी

टिळकवाडीत आमच्या शेजारी राहणारे अण्णा सूर्यास्तानंतर जेवत नाहीत. पायरीवर मुंगी दिसली की बोलणं अर्ध्यावर सोडून थबकतात. मागच्या महिन्यात वडिलांची जुनी बंदूक जमा करायला मी बंदुकीच्या दुकानात गेलो, तर काउंटरशी तेच उभे! रायफलच्या दोन बारक्या गोळ्या निरखत होते. त्यांच्याकडं लायसन आहे, हेच मला ठाऊक नव्हतं.

"ही आरपार जाते," दुकानदार सांगत होता, "आणि ही पोकळ टोकाची, आत फुटते, जनावर जागीच गार."

"लई तडफडणार न्हाय, ती द्या," अण्णा हळूच म्हणाले.

मग मला पाहून म्हणाले, "निपाणीजवळ आमच्या मळ्यात कोल्हं पिसाळलंय रं. दोन बायकांना चावलं. वनखात्याची परवानगी आलीया."

"पण अण्णा, तुम्ही? गड्याला सांगा की!"

"मळा माझा, आन् पाप त्याच्या माथी?"

त्यांनी पोकळ टोकाची गोळी घेतली.

चार दिवसांनी फाटकाशी भेटले. "एकाच गोळीत गेलं," म्हणाले. त्यांचा आवाज पार खोल गेला होता. त्यांच्या पत्नीनं, आक्कांनी, आतून सांगितलं, मळ्यातनं आल्यापासून त्यांनी अन्नाला हात लावलेला नाही.