डावखुरं बटण

डॉर्सी स्नूकच्या दुकानात बहुतेक रायफली उघड्या पोटानं यायच्या. लोक घरबसल्या नवे चाप, खटके, बटणं मागवत, जेवणाच्या टेबलावर बसवायला जात, आणि उरलेले स्क्रू कॉफीच्या डब्यात घालून त्याच्याकडे येत.

"पाकिटावर तर लिहिलंय, बसतं म्हणून."

"पाकिटानं तुझी रायफल कुठं पाहिली होती?" डॉर्सी म्हणायचा आणि चष्मा चढवायचा. पेनसिल्व्हेनियाच्या त्या डोंगराळ भागात न बसणारा भाग बसवावा तर त्यानंच, असं त्याचं नाव होतं.

थोरला भाऊ क्लेअर मात्र कधी दुकानाची पायरी चढला नव्हता. "आमचा डॉर्सी बंदुकांचा शिंपी आहे, बटणं लावतो," असं तो शिकारीच्या छावणीत सांगायचा, आणि सगळे हसायचे. डॉर्सीही हसायचा.

त्या वर्षीच्या वसंतात लाकडाच्या गिरणीत क्लेअरच्या उजव्या हाताची दोन बोटं गेली. त्यातलं एक चापावरचं. पानं गळायला लागली तेव्हा तो आला आणि वडिलांची जुनी रायफल काउंटरवर आडवी ठेवली.

"डाव्या हातानं चालेल अशी कर."

"बस तरी. कॉफी घेणार?"

"कॉफी घरी मिळते. होतं का नाही ते सांग. ज्याला बंदूक हाताळता येत नाही त्यानं भांडी घासायची, हा छावणीचा नियम. म्होरक्या लामारनं माझ्यासाठी ॲप्रन काढून ठेवलाय म्हणे."

हे त्यानं हसत सांगितलं, पण अधू हात खिशातून बाहेर काढला नाही. सहा पोरं वाढवताना, बायको गेल्यावरसुद्धा, क्लेअरनं शिकारीचा पहिला दिवस चुकवला नव्हता. तो दिवस गेला की आपण म्हातारे झालो, असं त्याच्या डोक्यात बसलं होतं.

त्या रायफलीला चापामागे सुरक्षेचं आडवं बटण होतं. उजव्या बोटानं उजवीकडून ढकललं की ते डावीकडे निघायचं, लाल कडं दिसायचं आणि बार मोकळा व्हायचा, म्हणजे चाप ओढला की गोळी सुटायची. डाव्या हाताच्या माणसासाठी उलटं बटण मिळतं. डॉर्सीनं ते मागवलं, बसवलं, आणि ते अर्ध्यातच अडलं. थोडं घासलं असतं तर सरकलं असतं. पण सुरक्षेच्या भागावर तो कधी कानस चालवत नसे. तो रायफल उघडून बसला. शेवटी कोडं सुटलं: वडिलांनी कधीतरी चापाचा सगळा सांगाडाच दुसऱ्या, जुन्या रायफलीतला घातला होता. बाहेरचा नंबर एका रायफलीचा, आतलं पोट दुसरीचं. बटणाला जागेवर धरणारा बारीक छर्रा ज्या खाचेत बसतो ती खाचच जरा पुढं होती. जुन्या सांगाड्याचं उलटं बटण शोधून आणलं, आणि ते असं बसलं की त्याचा आवाज ऐकून डॉर्सीनं एकट्यानंच मान डोलावली.

"आता इथंच सराव कर," तो क्लेअरला म्हणाला. "सगळं उलटं झालंय. डावीकडून ढकललं की बार मोकळा, उजवीकडून ढकललं की बंद. जुनं डोक्यातून काढून टाक."

क्लेअरनं एक-दोनदा ढकलून पाहिलं. "तू जन्मायच्या आधी मी बंदूक धरत होतो, शिंप्या." आणि तो गेला.

पहिल्या दिवशी दुपारी छावणीत सगळे परतले. बीटच्या रसात मुरवलेली अंडी टेबलावर आली होती. क्लेअर सगळ्यांच्या मागून चालत आला, तोंड लाल.

"आठ टोकांची शिंगं! चाळीस पावलांवर उभा! आणि बटण अडलं, हलेचना! दाबतोय, दाबतोय, तोवर गेला!"

डॉर्सी शिकारीला गेला नव्हता; जेवणापुरता छावणीत आला होता आणि ओसरीवर होता. रायफल रिकामी करायला त्यानं ती भावाच्या हातातून घेतली. नळीत काडतूस होतं. बटणाच्या उजव्या बाजूला लाल कडं दिसत होतं.

सगळं त्याच्या लक्षात आलं. हरीण दिसल्यावर क्लेअरचं बोट जन्माच्या सवयीनं उजवीकडून ढकलत राहिलं. बटण आधीच त्या बाजूनं आत होतं, हलणार कसं? मग चिडून, बंद करतोय असं समजून, त्यानं ते डावीकडून ढकललं. आणि बार मोकळा ठेवून तो तसाच पाच माणसांच्या पाठीमागून डोंगर उतरला.

डॉर्सीनं बटण उजवीकडून बंद केलं. ते लोण्यासारखं सरकलं. काडतूस काढलं. वर पाहिलं तर क्लेअर त्याच्याकडेच बघत होता. चेहऱ्यावरचा रंग उतरला होता. त्यालाही कळलं होतं.

आत छावणीचा म्होरक्या लामार बिकेल कात्री घेऊन उभा होता. ज्याचं हरीण चुकलं त्याच्या शर्टाचं शेपूट कापायचं आणि नाव लिहून भिंतीवर ठोकायचं, ही तिथली जुनी रीत. "बोला, चुकलं कोणाचं?"

"मी गोळीच झाडली नाही," क्लेअर म्हणाला. "बटण अडलं. शिंप्याला विचारा."

"मग शर्ट शिंप्याचा!" कोणीतरी ओरडलं, आणि टेबल हसण्यानं हादरलं.

लामार हसत नव्हता. "खरंच अडलं का रे, डॉर्सी?"

खरं सांगितलं असतं तर लामारनं क्लेअरला कायमचा ॲप्रन बांधला असता, तोही पाच घरांच्या माणसांसमोर. नाही सांगावं तर उद्या तोच हात, तीच रायफल आणि पुढं पाच पाठी.

"अडलं," डॉर्सी म्हणाला. "हा भाग या रायफलीला बसतच नाही. मला जमलं नाही. मी ती परत नेतो, क्लेअर."

"ने," क्लेअर म्हणाला. दुसरी बंदूक त्यानं कोणाकडे मागितली नाही. पुढंही कधी मागितली नाही.

डॉर्सीचा शर्ट लामारनं कापला. खिळा मात्र क्लेअरनं ठोकला, डाव्या हातानं, एकदाही न चुकता.

तेव्हापासून क्लेअर दरवर्षी छावणीत शेगडीजवळची खुर्ची धरून बसतो. भांडी कोणी त्याला सांगत नाही. बिचाऱ्याच्या रायफलीचं वाटोळं भावानं केलं, त्याचा काय दोष? आठ टोकांची शिंगं आता दहाची झाली आहेत. पुढच्या शरदात लामारनं स्वतःची रायफल शेजारच्या गावात दुरुस्तीला नेली. मग बाकीच्यांनीही.

डॉर्सीच्या बायकोनं, आर्लिननं, धुताना तो शर्ट उलटा करून पाहिला होता. "हे काय? तू तर शिकारीला गेलाही नव्हतास."

"असू दे. खोचला की दिसत नाही."

तो शर्ट खोचून तो रोज दुकान उघडतो. क्लेअरच्या रायफलीतून काढलेलं, नीट बसणारं ते बटण खणात आहे. कधी पाकीट घेऊन कोणी आलंच, तर आधी विचारतो, "क्लेअरच्या रायफलीचं ते काय झालं होतं हो?"

"बसलं नाही," डॉर्सी म्हणतो आणि चष्मा चढवतो.