घरी जागा नाही

घरी अभ्यासाला जागा नाही, असं फॉर्मवर मी स्वतःच्या हातानं लिहिलं. महापालिकेची अभ्यासिका होती ती, फुकट, सीताबर्डीपासून चालत दहा मिनिटांवर. ज्या पोरापोरींना घरी बसायला कोपरा नाही, त्यांच्यासाठी. बेसाला आमच्या घरी मला स्वतःची खोली होती, टेबल होतं, कूलर होता. पण घरी आईची टकळी, आणि इकडे मैत्रिणी, टपरीवरचा चहा. सगळेच खोटं लिहितात, अशी मी मनाची समजूत घातली. सगळे लिहीत नव्हते.

एक पोरगी रोज बाहेर पायऱ्यांवर बसून वाचायची. पारशिवनीकडच्या खेड्यातली, इथं मामाच्या एका खोलीत सहा जणांत राहायची. तिचं नाव प्रतीक्षा यादीत. कोणी आलं नाही, तर त्या दिवसापुरती तिला जागा मिळायची. पण आमची रीत अशी, की जी आधी येईल तिनं बाकीच्यांच्या खुर्च्यांवर ओढण्या टाकायच्या. मग ती जागा अभ्यासिकेच्या मॅडमही कोणाला देत नसत. माझी एक जुनी ओढणी त्यासाठी मैत्रिणीकडे दिलेलीच होती. सकाळी अकरापर्यंत माझ्या जागी ती ओढणीच अभ्यास करायची आणि मी घरी लोळायचे.

एकदा मी वही तिथंच विसरले. वहीवर पत्ता होता. संध्याकाळी बघते तर ती पोरगी वही घेऊन आमच्या दारात, दोन बस बदलून आलेली. आईला तर माझं कौतुक ऐकवायला माणूसच हवं असतं. तिनं तिला थेट माझ्या खोलीत नेलं, आलूपोहे दिले, वर सांगितलं, "हे टेबल हिच्या बाबानं खास बनवून घेतलं. दार लावून बसते अभ्यासाले." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पोरीनं टेबलावरून नुसता हात फिरवला, पोहे संपवले आणि येते म्हणून निघाली.

दुसऱ्या दिवशी नाव काढून घ्यायचं ठरवून मी गेले, अगदी खरं. तर आत मॅडम सगळ्यांना उभं करून विचारत होत्या. यादी फार लांबली म्हणून वरून चौकशी आली होती, घरी खोली असून कोण जागा अडवतं याची. जो तो दुसऱ्याकडे बघू लागला. मग त्यांनी पायऱ्यांवरच्या त्या पोरीला आत बोलावलं.

"तू तं रोज सगळ्यायले पाहून राहिली. सांग वं, कोन हाय? त्याची जागा तुलेच देतो."

तिची परीक्षा पंधरा दिवसांवर आली होती. मी बोलायला हवं होतं. मी खुर्चीवरच्या माझ्या ओढणीकडे बघत राहिले. तिनं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

"मले नाही माहीत, मॅडम."

लाज नंतर आली. आधी मला हायसं वाटलं. मी खुर्चीवरची ओढणी उचलली आणि बसले. ती पुस्तक घेऊन परत पायऱ्यांवर गेली.