वच्छलाचा आवाज

ही गोष्ट पोटात घेऊनच जायचं ठरवलं होतं मी. पोराले सांगितली नाही, भावाले नाही. सोबत ड्यूटी केलेल्या माणसायले तर नाहीच नाही. तुमची-माझी ओळख नाही, म्हणून जमते का ते पाहून राहिलो. शाळा सातवीपर्यंत झाली — लिहिणं आडवंतिडवं होईल, चालवून घ्या.

माझी बायको वच्छला मागच्या हिवाळ्यात गेली. तेरवीले आमच्या जुन्या क्वार्टरच्या शेजारीण पांडेभाभी आल्या होत्या, सेक्टर दहाहून. डोळे पुसता पुसता म्हणाल्या, "जोर से बोलती थी बेचारी, मगर दिल की एकदम साफ." रडणाऱ्या बायाही जराशा हसल्या. आणि मी? मी मान हलवली. हो म्हणून.

ती मान कावून हलवली मी? तेच तर सांगायचं आहे. पण सरळ येत नाही हो तोंडावर. जरा फिरून येतो.

वच्छला नागपूरकडची, रेल्वेवाल्याची पोरगी. लग्न होऊन भिलाईले आली तेव्हा एवढं हळू बोले, की दारातलं मांजर उठत नव्हतं. बापाचं घर रुळाच्या काठाले, आणि पोरगी अशी! मी म्हणो, तुमच्याकडं गाडी निघून जाईपर्यंत कोणी बोलतच नाही का? ती तोंडावर पदर घेऊन हसे. कोजागिरीच्या भुलाबाईची गाणी मात्र लय गोड म्हणे. क्वार्टरच्या व्हरांड्यात बाया जमत, त्यात अर्ध्या हिंदीवाल्या. त्यायले शब्द कळत नव्हते, तरी त्या वच्छलासाठी येत.

मी पोलादाच्या मिलमध्ये खलासी, क्रेनवाल्याले इशारा देणारा. वर क्रेन, खाली लोखंड, मधात मी. तिथं तोंडाचा उपयोग नाही. बाजूचा माणूस बोंबलला तरी त्याचे फक्त दात दिसतात. सगळं काम हातानं. पंजा खाली केला — उतरव. मूठ आवळली — थांब. हाताच्या इशाऱ्यात लय वर्षं राहिलो मी, म्हणून कान कधी गेले ते...

नाही. खोटं लिहून राहिलो. कान गेले ते मले माहीत होतं.

कारखान्याच्या मेडिकल तपासणीत कानाले मशीन लावत. आवाज आला की हात वर करायचा. मले आवाज येतच नव्हता, मी त्या मशीनवाल्याचं बोट पाहो. बोट हललं की माझा हात वर. खलासीच तो, इशारा कसा चुकेल? पास झालो, बाहेर येऊन चहा पेलो. भीती होती — क्रेनखालून काढतील, स्टोरमध्ये बसवतील. आणि दुसरी भीती त्याहून मोठी. लहानपणी गावात एक बहिरा होता, पोरं त्याच्या मागं थाळी वाजवत फिरत. मीही वाजवली होती.

मंग घरी काय करायचं? घरी मी वच्छलावर खापर फोडलं. "तोंडातल्या तोंडात काय पुटपुटून राहिली? बापानं बोलणं शिकवलं नाही का?" हे रोजचं. बिचारी जवळ येऊन पुन्हा सांगे, आणि बोलणं काय असे? भाजीत मीठ जास्त तर नाही झालं, एवढंच! त्याच्यासाठी तिच्या बापाचा उद्धार.

एका भुलाबाईले तर हद्द झाली. गाणी झाली की खाऊ ओळखायचा खेळ असतो. झाकलेला डबा कानापाशी हलवायचा, आवाजावरून आत काय आहे ते सांगायचं. बाया हरल्या. वच्छला लाडात आली, डबा घेऊन माझ्याकडं आली. "अजी, तुम्ही सांगा न!" माझ्या कानापाशी हलवला. पांडेभाभी म्हणाल्या, "भैया को सब मालूम होगा, रसोई में झाँकते रहते हैं." सगळ्या हसल्या. आणि मले — काहीच नाही. डबा हलताना दिसून राहिला, आवाज नाही. सगळ्यायचे डोळे माझ्यावर.

मी ओरडलो. "अक्कल आहे का तुले? चार बाया घरी बोलावल्या आणि रिकामा डबा वाजवून राहिली!"

तिनं झाकण उघडलं. आत फुटाणे होते. तिनं फुटाण्याकडं पाहिलं, मंग माझ्याकडं, मंग माझ्या कानाकडं. आणि हसली! बायायले म्हणाली, "माझंच चुकलं जी, मी नीट हलवलाच नाही."

मी काय केलं? फुटाणे खाल्ले.

तेव्हापासून तिचा आवाज चढत गेला. आधी माझ्याशी, मंग पोराशी, भाजीवाल्याशी, सगळ्यायशीच. दारात आलेल्या पाहुण्याले ती ओसरीतून चहा विचारे, तर पलीकडच्या लाइनीतून 'नको' ऐकू येई. सेक्टरात नाव पडलं — भोंगा. पाळीचा भोंगा वाजला नाही तरी वच्छलाबाई आहे, असे म्हणत लोक. मी त्यांच्यात बसून हसलो. म्हणालो, जन्मापासूनच तशी आहे. भुलाबाई तिनं बंद केली. गळा बसला म्हणे.

आता मी पोरासोबत कुरुदले राहतो. सून चित्ररेखा, राजनांदगावची. तीही हळूच बोलते. वच्छला गेल्यावर थोड्या दिवसांनी मी जेवून राहिलो होतो, ती काहीतरी बोलली, आणि माझ्या तोंडून तेच निघालं — "मोठ्यानं बोलता येत नाही का?" पोरगी घाबरली नाही. ताटाले वळसा घालून माझ्या उजव्या बाजूले येऊन बसली, आणि सावकाश विचारलं, "बाबूजी, कढी दूँ?" सगळं ऐकू आलं मले; उजव्या कानात जवळचं बोलणं अजून शिरते. मी विचारलं, इकडून कावून आली तू?

तिनं कढीचं भांडं खाली ठेवलं. मंग म्हणाली, "मम्मीजी बोलके गई थीं. शादी के बाद पहले ही हफ्ते में. बोलीं, बाबूजी के दाहिने बैठके बोलना. और उनको पता मत चलने देना कि मैंने बताया."

घास मी ताटात परत ठेवला.

म्हणजे तिले माहीत होतं. त्या डब्यापासूनच असेल. नवरा बहिरा आहे हे कोणाच्या ध्यानात येऊ नये, म्हणून ती भोंगा झाली. आणि मी तिले भोंगा होऊ दिलं. मले एक इशारा करायचा होता — कानाले हात लावून मान हलवायची. हातानं जन्मभर टनावारी लोखंड हलवलं, हे एवढं नाही जमलं.

आता राग आला की मांडीवर मूठ आवळतो. थांब. मंग पंजा खाली. उतरव. आणि म्हणतो, बेटा, मले ऐकू नाही आलं, फिरून सांग. चित्ररेखा फिरून सांगते. कधी कधी तर मुद्दाम दुसरंच सांगते आणि हसते, पोट्टी. एवढं सोपं होतं हो ते. वच्छला गेल्यावर शिकलो.

तिचा तो डबा फडताळात आहे. काल त्यात फुटाणे टाकले, झाकण लावलं, कानापाशी हलवून पाहिला. काही नाही.

कोजागिरीले पांडेभाभी येणार आहेत. त्यांच्या तोंडावर सांगीन, तेरवीले मान हलवली ती खोटी. वच्छला हळू बोलत होती. बहिरा मी होतो.