गयाबाईसाठी एक शब्द

आता काय सांगू तुम्हाला, एका शब्दापायी माझं लग्न लागता लागता राहिलं! आणि कुणाशी, ते मला अजून ठाऊक नाही.

बहात्तरचा दुष्काळ नुकताच सरला होता. गंगाखेडच्या पुढं, गोदावरीकाठच्या एका खेड्यात मी मास्तर होतो. वय तेवीस, बिनलग्नाचा आणि पक्का तंद्रीखोर. पाटीवर बेरीज लिहिता लिहिता खिडकीतून नदी दिसली, की हातचा एक तिथंच राहायचा.

तर आमच्या शाळेतला मुलींचा वर्ग बंद पडायला आला होता. पोरी येत नव्हत्या. त्या खोलीत खताची पोती ठेवायचं ठरलं. बैलगाडी दाराशी आली आणि गयाबाई उंबऱ्यात आडवी बसली. दुसऱ्यांच्या रानात खुरपणारी बाई, पण आवाज असा की बैल मागं सरले!

"पोती आत न्यायची तर माझ्या अंगावरनं न्या!"

पोती परत गेली. मग तिनं घरोघर भांडून सतरा पोरी वर्गात आणून बसवल्या.

हेडमास्तर म्हणाले, "बाईंचा सत्कार करू. फळ्यावर छान लिहा."

छान म्हणजे काय लिहायचं? पुरुष असता तर 'पाठीराखा' लिहून मोकळा झालो असतो. बाईला काय म्हणायचं? दुपारी नदीवर गेलो, पाण्यात पाय सोडून बसलो. 'कैवारीण'? माशाचं नाव वाटतं. 'पुरस्कर्ती'? गयाबाईलाच समजायचं नाही. ऊन पाण्यावर लुकलुकत होतं, पलीकडं धुणं वाळत होतं, डोळे जड झाले... आणि त्या गुंगीत शब्द अलगद वर आला. पाठराखीण!

हसू नका! मी बोर्डिंगात वाढलेला, घरात बहीण नाही. नवरीसोबत सासरी जाते तिला पाठराखीण म्हणतात, हे मला कोण सांगणार?

चावडीच्या फळ्यावर झोकात लिहिलं: 'रविवारी सकाळी शाळेत पाठराखीण गयाबाई यांचे स्वागत. सर्वांनी यावे.' खाली माझी सही.

संध्याकाळी किसनतात्या, आमचे घरमालक, ओट्यावर आले.

"गुरुजी, कवा ठरलं?"

"महिना झाला." मी आकाशातले बगळे बघत होतो.

"अन् आमाला पत्ताच न्हाई! पाव्हणे कुठले?"

"गंगाखेडचे." म्हणजे शिक्षणखात्याचे साहेब हो!

"कशानं यायलेत?"

"जीपनं."

"जीपनं? लय तालेवार दिसतेत!" तात्या डोळे पुसत म्हणाले, "लेकरा, तुला एकटं बघून जीव तुटायचा रे."

एका सत्कारासाठी माणूस रडतो! काय हे गाव, असं म्हणत मी पुन्हा बगळ्यांत हरवलो.

रविवारी शाळेत जातो तर हलगी कडाडतेय, बाया ठेवणीतली लुगडी नेसून आल्यात, पोरांच्या मुठीत अक्षता! मला वाटलं, स्वप्नच पडलंय. तेवढ्यात जीप आली. साहेब उतरले आणि तात्यांनी त्यांना कडकडून मिठीच मारली.

"या व्याही!"

साहेब गार! हेडमास्तर माझ्याकडं बघायलेत, मी हलगीवाल्याकडं. त्यात गयाबाई गर्दीतून वाट काढत आली.

"गुरुजी, नवरी कुठाय? सकाळपासनं हुडकायलेय मी!"

मी कसंबसं सांगितलं, काय लिहायचं होतं ते. गयाबाईनं पदर तोंडाला लावला, हसली, मग एकदम सरळ उभी राहिली.

"आवं, पाठराखीण पोरीला सासरला पोचवाया जाती. मी तर सासरला निघालेल्या तीन पोरी माघारी आणून तुमच्या वर्गात बसवल्यात!"

साहेबांनी सगळ्यांत आधी टाळी वाजवली. मग हलगी वाजली, आणि आणलेल्या अक्षता लोकांनी गयाबाईवरच उधळल्या. इतका देखणा सत्कार मी पुन्हा पाहिला नाही.

माझं म्हणाल, तर पुढं चार वर्षं मला कुणी मुलगी दिली नाही. चौकशीला येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला गाव मोठ्या मायेनं सांगायचं, "मास्तर लय गुणाचा हाय हो. पर काय करता? पाठराखीण आली हुती, ऐन वक्ताला नवरीच आली न्हाई!"